चुलवणातला जबडा

लातूर, १६ जानेवारी १९४१

आज वर्ग चालू असताना अमीनसाहेबांचा, म्हणजे इथल्या फौजदारांचा, शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मास्टरसाब, ठाण्यावर बुलाया है." मला वाटलं, परवा वाचनालयात निजामाच्या रियासतीबद्दल चार शब्द बोललो तेच भोवलं.

पण प्रकरण वेगळंच निघालं. टेबलावर फडकं पसरून त्यावर जळक्या हाडाचा एक तुकडा ठेवला होता. वरच्या जबड्याचा. गुरुपादप्पांच्या गुऱ्हाळात चुलवणाची, काहिलीखालच्या भट्टीची, राख उपसताना सापडला.

हे गुरुपादप्पा म्हणजे आडत बाजारातले मोठे व्यापारी, वय साठीच्या पुढे. मांजरेच्या काठी त्यांचं उसाचं रान आणि गुऱ्हाळ. येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दिवशी सगळं लातूर रानात जेवायला गेलं होतं, त्या दिवसापासून ते बेपत्ता आहेत. त्याच दिवशी त्यांचं घरजावयाशी, बसवंतशी, कडाक्याचं भांडण झालं. सासऱ्याने गड्यांसमोर त्याला 'फुकटखाऊ' म्हटलं आणि तो रागाने म्हणाला, "जळा एकदाचे त्या चुलवणात!" हे चौघांनी ऐकलं.

दवाखान्याच्या डॉक्टरांची बदली झालेली, नवे अजून आलेले नाहीत. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. हैदराबादेत प्राणिशास्त्र शिकलेला या गावात मी एकटाच.

तुकडा उजेडात धरून पाहिला. मागे दोन दाढा शाबूत. मांस खाणाऱ्या जनावराच्या दाढा कातरीसारख्या असतात, चरणाऱ्याच्या जात्यासारख्या सपाट, कंगोऱ्यांच्या. या दोन्ही नव्हत्या. ठेंगण्या, गोल उंचवट्यांच्या, झिजलेल्या. सगळं काही खाणाऱ्याच्या. सुळे केव्हाच पडून गेलेले, त्यांच्या खाचा हाडाने भरून आल्या होत्या. पुढचे मधले दोन दातही नाहीत, आणि तिथलं हाड गुळगुळीत. मी म्हणालो, "माणसाचा आहे. म्हातारा माणूस. वरचे मधले दोन दात फार पूर्वी गेलेले."

अमीनसाहेब खुर्चीवरून उठलेच. "गुरुपादप्पा के वही दो दाँत नहीं थे!"

मला हे ठाऊक नव्हतं, तरी मी सांगितलं होतं! लहानपणी गाडीवरून पडून त्यांचे ते दात गेले होते म्हणे. मी उर्दूत बयान लिहून सही केली. बाहेर आलो तर ठाण्यासमोर हीऽ गर्दी. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

घरी विनीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, सगळं खाणारं म्हणजे माणूसच का? डुकरंही सगळं खातात की."

मी तिला डुकराच्या दातांचं चित्र दाखवलं. डुकराचे सुळे केवढे असतात, ते कसे दिसत नाहीत मग? ती चित्र बाजूला सारून कामाला लागली. बायकांना शास्त्र समजावणं अवघड.

मागची दाढ किंचित लांबट वाटली होती. भाजल्यामुळे असेल.

१८ जानेवारी

पंचनामा आटोपल्यावर हाड घरच्यांना मिळालं. लिंगायतांत मृताला जाळत नाहीत, बसवून माती देतात. म्हणून आपला माणूस जळाला हे त्यांना दुप्पट लागलं. शांतम्मांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते हाड रेशमी वस्त्रात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. जंगमांनी भस्म लावलं, बेल वाहिला आणि रानातच समाधी दिली. मुलगी जगदेवी मात्र एका बाजूला उभी होती. तिला रडताही येईना. बाप गेला होता आणि नवरा हवालातीत होता.

लोक माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, "ह्यांनीच वळखलं." शांतम्मांनी मला हात जोडले. "मास्तर, तुमच्यामुळं माती तरी देता आली."

मलाही भरून आलं. विद्येचा असा उपयोग व्हावा, आणखी काय हवं?

३ फेब्रुवारी

बसवंतने इकबाल दिला. सासऱ्याला मारून चुलवणात घातलं, असं त्याने मुन्सिफांसमोर, म्हणजे न्यायाधीशांसमोर, कबूल केलं. हेडमास्तरांनी आज शिक्षकांच्या खोलीत माझं कौतुक केलं.

इथेच कबूल करतो, ती लांबट दाढ अधूनमधून मनात येत होती. आता प्रश्नच उरला नाही. आज जेवण गोड लागलं.

नांदेड, २३ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवतो.

सौदामिनीताईच्या मुलीच्या बारशाला म्हणून काल इथे आलो. आज सकाळी भाचरांना घेऊन गोदावरीच्या घाटाकडे गेलो होतो. वाटेत एक दरवेशी अस्वल नाचवत होता. पोरांनी हट्ट धरला म्हणून थांबलो. थोरल्या भाचीने गुळाचा खडा पुढे केला. अस्वलाने खालचा ओठ लांब करून तो उचलला, मान वर केली आणि तोंड उघडलं.

वरचे मधले दोन दात नव्हते.

मी पोरांचे हात सोडले. दरवेशाला म्हणालो, "तोंड उघड त्याचं. पूर्ण." तो घाबरला, पण वेसण ओढून त्याने अस्वलाचं थोबाड वर केलं. सुळे नव्हते. "बच्चा था तभी निकाल दिये, हुजूर, काटता नहीं फिर." त्या जागी नुसती भरून आलेली हिरडी. आणि मागे दोन्ही बाजूंना त्याच दाढा. ठेंगण्या, गोल उंचवट्यांच्या, झिजलेल्या. शेवटची लांबट.

मी विचारलं, "याचे पुढचे दोन दातही तुम्हीच काढलेत?"

"वो तो इनको होतेच नहीं, हुजूर. किसी रीछ को नहीं होते."

भाची विचारत होती, "मामा, काय झालं?" मी पोरांना तसंच परत घेऊन आलो. बारा दिवसांची मुलगी घरात, पाहुणे जेवायला बसायचे, आणि मी पाय धुवून माजघरात पडून राहिलो. ताईला सांगितलं, ऊन लागलं.

२४ फेब्रुवारी

काल झोप आली नाही. डोळ्यांपुढे सारखा कॉलेजातला तास येतोय.

आमच्या प्रोफेसरांनी एकदा टेबलावर दोन कवट्या ठेवल्या होत्या. सुळे तसेच, कातरीसारख्या दाढा तशाच, जबड्याची ठेवण तीच. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, दोन्ही लांडग्याच्या. प्रोफेसर हसले. एक लांडग्याची होती, आणि दुसरी ऑस्ट्रेलियाकडच्या, पोटाच्या पिशवीत पिलू वाढवणाऱ्या एका जनावराची. दोघांचं नातं इतकं लांबचं की लांडगा त्यापेक्षा वटवाघळाला जवळचा. पण दोघं तेच खातात, तसेच शिकार करतात, म्हणून लाखो वर्षांत तोंडं एकसारखी घडली. प्रोफेसर म्हणाले होते, दात तुम्हाला खाणं सांगतात, खानदान सांगत नाहीत. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

आणि लातुरात, एका माणसाच्या गळ्याशी फास येत असताना, मी दाढांवरून खाणं ओळखलं आणि खानदान सांगून मोकळा झालो.

अस्वल फळं खातं, मध खातं, किडे खातं, मिळेल ते खातं. आपणही तेच. डुक्करही तेच. म्हणून तिघांच्या दाढा अशा. विनीताने विचारलं होतं! आणि पुढची फट अस्वलाला वारुळातली वाळवी ओढून घ्यायला लागते. ओठांची नळी करून त्या फटीतून फुंकतं आणि ओढतं. माहूरच्या रानात आमच्या गावचे लोक खवल्या मांजर पाहतात, तेही वाळवीच खातं. त्याला तर एकही दात उरलेला नाही. हे सगळं मला पाठ आहे. नुसतं पाठ.

आज पुन्हा त्या दरवेशाला गाठलं. नदीपलीकडे त्यांची पालं आहेत. लातूरचं नाव काढलं तर तो उठून आत जायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हणालो, "एक माणूस फासावर जाईल."

तो परत खाली बसला. त्याच्या मामाचं म्हातारं अस्वल येळवसेच्या सुमारास लातूरजवळ मेलं. कातडं आणि चरबी त्यांनी काढून घेतली आणि उरलेलं गुऱ्हाळाच्या धगधगत्या चुलवणात लोटून पहाटेच निघाले. गुळाच्या ठिकाणी मेलेलं जनावर टाकलं म्हणून मार पडेल, ही भीती. "हमकू क्या मालूम हुजूर, कोई आदमी का हिसाब लगाएगा उसका!"

लातूर, २६ फेब्रुवारी

मोटारीतून उतरलो तो थेट ठाण्यावर गेलो. अमीनसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग पानाचा विडा गालात सरकवत म्हणाले, "मास्टर, इकबाल हो चुका. अब रीछ कहाँ से लाए आप?"

"पण तो माणसाचा जबडाच नाही! मग त्याने काय कबूल केलं?"

"कत्ल कबूल किया. हड्डी नहीं."

एवढंच म्हणालो, "मला त्याला भेटायचंय." त्यांनी भेटू दिलं. मला भीती घालावी असा त्यांचा हेतू असेल.

बसवंतला मी पूर्वी पाहिलं होतं. देवणीकडचा उंचापुरा गडी. बैलाचा ओठ नुसता वर करून वय सांगायचा, बाजारात लोक त्याला मुद्दाम बोलवायचे. आज कोपऱ्यात एक माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी हाक मारली. त्याने तोंड वर केलं. त्याचे पुढचे दात नव्हते. वरचे मधले दोन, आणि खालचा एक. हिरड्या अजून सुजलेल्या.

मी गजांना धरून उभा राहिलो.

"बसवंतराव, ते हाड अस्वलाचं होतं," मी म्हणालो.

तो गजांजवळ सरकला. बोलला तेव्हा शब्द फटीतून सुटत होते. "अस्वलाचं?"

"हो. माझी चूक झाली."

"मग मामा कुठं हायेत?"

सासऱ्याला तो मामा म्हणतो; त्याने सगळ्यात आधी हे विचारलं. मी घरी येईपर्यंत हेच डोक्यात होतं. ठाण्यात कुणीच हे विचारलेलं नाही. मीही नाही.

२८ फेब्रुवारी

मुन्सिफांकडे अर्ज दिला. ते म्हणाले, हाड पुन्हा पाहायचं तर घरच्यांची संमती आणा, समाधी उकरणं म्हणजे गावात दंगा.

शांतम्मांकडे जाण्यापेक्षा ठाण्यावर मार खाणं सोपं गेलं असतं. विनीता म्हणाली, "मी येते बरोबर." ती आली म्हणून मी त्या ओट्यावर चढू शकलो.

मी सांगत होतो आणि शांतम्मा भिंतीला टेकून ऐकत होत्या. कपाळ मोकळं. माझं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज सकाळी जाते मी. बेल वाहते. पाणी ठिवते. मग मी कुणाला वाहत हुते?"

विनीताने त्यांचा हात धरला.

मग त्या एकदम ताठ बसल्या. डोळे मोठे झाले. "म्हंजे आमचे मालक... चुलवणात न्हाईत?"

"नाहीत, आई."

"जगदेवी!" त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या की शेजारच्या बायका धावत आल्या. "कुदळ काढ गं! आत्ताच्या आत्ता!"

जंगमांनी विरोध केला, भाऊबंद आडवे आले. शांतम्मांनी कुणाचंच ऐकलं नाही. पंचांसमोर पहिली कुदळ त्यांनी स्वतः मारली. रेशमी वस्त्र उघडल्यावर मात्र त्यांनी तोंड फिरवलं आणि जगदेवीच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

११ मार्च

आज अदालतीसमोर जे झालं ते लातूर विसरणार नाही.

दरवेशी येणार नाही असंच मी धरून चाललो होतो. पण तो आला, अस्वल घेऊन, नांदेडहून रानारानाने पायी. मुन्सिफसाहेब आधी भडकले, "अदालत है या तमाशा?" मी म्हणालो, "हुजूर, माझं पहिलं बयान तुम्ही माझ्या शब्दावर धरलंत. हे माझ्या शब्दावर धरू नका. स्वतः पाहा."

ते पायऱ्या उतरून अंगणात आले. बाहेर माणसं झाडांवर चढून बसली होती. दरवेशाने वेसण धरून थोबाड उघडलं. मी जबड्याचा तुकडा त्याच्या शेजारी धरला. फटीला फट, भरलेल्या खाचेला खाच, दाढेला दाढ. मुन्सिफसाहेब चष्मा पुसून पुन्हा वाकले. अस्वलाने त्यांच्या तोंडावर फूत्कार सोडला, ते दचकून मागे झाले, पण कुणी हसलं नाही. सगळे त्या दाढांकडे बघत होते.

"या खुदा," ते म्हणाले. मग बसवंतकडे वळून, "तूने इकबाल क्यों दिया?"

बसवंतने नुसतं तोंड उघडून दाखवलं.

अमीनसाहेब जमिनीकडे बघत होते. दुपारी बसवंतला सोडण्याचा हुकूम झाला.

१५ मार्च

गाव माझ्यावर उलटलं आहे. "म्हातारा मेला न्हाई तर गेला कुठं?" हा प्रश्न सगळ्यांना मलाच विचारायचा असतो. कुणी म्हणतं, बसवंतनेच मारलं, हाड तेवढं दुसरं निघालं, आणि ह्या मास्तरने खुनी सोडवला. शाळेच्या भिंतीवर कोळशाने अस्वल काढून खाली माझं नाव लिहिलंय. हेडमास्तर आता माझ्याशी बोलत नाहीत.

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नाही. मला फक्त हाड कुणाचं नाही एवढं ठाऊक आहे. बसवंतने खरंच काही केलं असेल तर? हा विचार येतो आणि स्वतःचीच लाज वाटते. एकदा खात्रीने बोलून काय झालं ते पाहिलंय, म्हणून आता गप्प राहतो.

२ एप्रिल

गुरुपादप्पा आले!

संध्याकाळच्या गाडीने उतरले. कुर्डुवाडीहून आलेला तांब्यासारखा करपलेला म्हातारा, हातात गंगेच्या पाण्याचा गडू, खांद्यावर झोळी. स्टेशनवर हमाल त्यांना बघून ओझी टाकून पळाले. टांगेवाला बसवून घेईना. ते पायी बाजारातून चालत निघाले आणि मागे माणसं जमत गेली, पण जवळ कुणी येईना.

मी ऐकलं आणि अनवाणीच धावलो. पोचलो तेव्हा ते ओट्यासमोर उभे होते आणि शांतम्मा दारात. त्या खाली उतरल्या, त्यांच्या पायाशी बसल्या आणि दोन्ही हातांनी त्यांची पावलं चाचपून पाहिली. "ऊन हायेत," त्या म्हणाल्या. "ऊन हायेत गं जगदेवी." मग मोकळ्या कपाळाने त्याच धुळीत आडव्या झाल्या.

ते रुसून गेले होते. भांडणानंतर तसेच निघाले, श्रीशैल, मग काशी, तिथल्या मठात राहिले. कुणाला काही कळवलं नाही. "म्या म्हटलं, हुडकत येतील. कुणी आलंच न्हाई. मग लईच राग आला, अजून लांब गेलो."

त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं: हाड, समाधी, हवालात, अस्वल. म्हाताऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते गोठ्याकडे गेले. सुटून आल्यापासून बसवंत तिथेच असायचा.

"बसवंता."

तो बैलाला वैरण घालत होता, वळला नाही.

"बसवंता, म्या रुसून गेलो होतो रे. वाटलं तू येशील हुडकाया."

"हुडकत होतो," बसवंत म्हणाला. "मांजरेच्या काठानं, डोहात माणसं उतरवून. तिथंच धरलं मला." मग वळला. गुरुपादप्पांनी त्याचं तोंड पाहिलं. मी बाहेर आलो. आतून म्हाताऱ्याचा जो आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता.

७ एप्रिल

बसवंत आणि जगदेवी आज देवणीला निघून गेले, कायमचे. गुरुपादप्पांनी गुऱ्हाळ त्याच्या नावावर करतो म्हटलं, पाया पडले, तरी तो थांबला नाही. त्याचा राग दिसत नाही. त्याला ते चुलवण नुसतं बघवत नाही, असं जगदेवी विनीताला म्हणाली.

मी नाक्यावर जाऊन उभा राहिलो. गाडी आली. मी गाडीला आडवा गेलो आणि हात जोडले. इतके दिवस मनात रचलेलं माफीचं बोलणं सुरू केलं. त्याने कासरा ओढून बैल थांबवले आणि माझं बोलणं मध्येच तोडलं.

"मास्तर, मार म्या आठ-पंधरा दिस सोसला. न्हाई म्हटलं, न्हाईच म्हटलं. मग त्यांनी तुमचा कागूद वाचून दावला." तो बैलांकडे बघत बोलत होता. "तवा वाटलं, येवढा शिकलेला माणूस सांगतोय तर आसंल. रागाच्या भरात म्याच मारलं आसंल आन् ध्यानात न्हाई. ईस-बावीस दिस म्या मामांना मारलेलं हुतं, मास्तर. रोज मारत हुतो. तुमी गजाशी येऊन अस्वल म्हणालात तवर."

जगदेवीने पदर तोंडाला लावला. बसवंतने बैलांना टिचकारी दिली. गाडी उदगीरच्या रस्त्याला लागली.

मी हात जोडलेले तसेच होते. शेवटी कुणीतरी मागून येऊन म्हणालं, "मास्तर, बाजूला व्हा, मागं गाड्या खोळंबल्यात."